भाताला वास येत नव्हता

श्रावणातला मंगळवार होता. धाकट्या जावेची पहिली मंगळागौर आमच्या कोथरूडच्या घरी होती आणि तीसेक बायका यायच्या होत्या. मसालेभात दुपारी दोनलाच तयार झाला. जेवणं रात्री व्हायची, तोवर भात गरम राहावा म्हणून सासूबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं, वरून जाड टॉवेल गुंडाळला आणि पातेलं कोपऱ्यात पाटावर ठेवून दिलं. रात्री साडेनऊला मी टॉवेल सोडला. भात छान मोकळा होता, अंगाला कोमट लागत होता. सवयीने मी वास घेतला. तुपाचा आणि गोड्या मसाल्याचा वास.

"आई, दुपारचा आहे. चालेल ना?"

"अगं, वास तर काही येत नाहीये."

मीही मान हलवली आणि वाढायला घेतला.

साडेबाराच्या सुमारास झिम्मा ऐन रंगात आलेला असताना पहिल्या दोघी बाथरूमकडे धावल्या. दोन वाजेपर्यंत अकराजणींना उलट्या सुरू झाल्या होत्या. सकाळपर्यंत सगळ्या सावरल्या, पण एक सात महिन्यांची गरोदर होती आणि तिला दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. कुणी वड्यांच्या तेलाला दोष दिला, कुणी म्हणालं भरल्या पोटी फुगड्या घातल्या, कुणी म्हणालं पित्त. मी त्या वर्षी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. फळ्यावर जे लिहीत होते ते माझ्याच स्वयंपाकघरात मला आठवलं नाही, याची खंत आजही वाटते. त्या भाताची तपासणी कुणी केली नाही, पण लक्षणं आणि घड्याळ ज्या जंतूकडे बोट दाखवतात तो माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

नाकाला काय कळतं

अन्न बिघडण्याला मराठीत केवढे शब्द आहेत! दूध नासतं, वरण आंबतं, भाजी उतरते, पाव बुरसतो, खोबरं खवट होतं, पीठ कुबट होतं, आमटीला तार सुटते. पिढ्यान् पिढ्या बायकांनी नाकाने, डोळ्याने आणि जिभेच्या टोकाने ओळखलेल्या या गोष्टी आहेत आणि हे ज्ञान खोटं नाही. पण अन्न नासवणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. नासवणारे वास सोडतात, रंग बदलतात, बुळबुळीत थर आणतात. आजारी पाडणारे पुष्कळदा यातलं काहीच करत नाहीत. त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्द नाही, कारण ते कधी कुणाच्या नाकाला कळलेच नाहीत.

उलट बाजूही बघा. इडलीचं पीठ आंबतं, दही आंबट होतं, ते ज्या जंतूंमुळे होतं ते आपले मित्र आहेत. त्यांनी तयार केलेल्या आम्लामुळे बाकीच्या जंतूंना तिथे राहणं अवघड होतं. म्हणजे आंबूस वास हा दर वेळी धोक्याचा नसतो आणि वास नसणं हे कधीच सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नसतं. नको तो वास आला तर पदार्थ टाकून द्या, एवढंच नाकाचं काम. वास आला नाही, तर नाकाला बाजूला करून घड्याळाला विचारायचं: हे किती वाजता शिजलं आणि तेव्हापासून कुठे होतं?

पातेल्याच्या पोटात

आता त्या भाताकडे वळू. बॅसिलस सेरियस नावाचा जंतू मातीत राहतो, त्यामुळे तो तांदळाच्या दाण्याबरोबर घरात येतोच. तांदूळ कितीही चांगला असो, तीन पाण्यांनी धुतलेला असो. या जंतूला एक कला साधलेली आहे. परिस्थिती वाईट झाली की तो स्वतःभोवती टणक कवच तयार करून आत निजून राहतो. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. भात शिजताना बाकीचे जंतू मरतात, बीजाणू तगतात. म्हणजे भात शिजवून आपण त्यांच्यासाठी रान मोकळं करून देतो. स्पर्धेला कुणी नाही, ओलं मऊ अन्न समोर आहे. आता फक्त ऊब हवी.

ती ऊब टॉवेलाने दिली. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा जंतूंच्या वाढीचा. ६० च्या वर त्यांना जगणं कठीण होतं आणि ५ च्या खाली बहुतेकांची वाढ मंदावते. आपण ज्याला 'कोमट' म्हणतो ते नेमकं या पट्ट्याच्या मध्यावर, जंतूंना सगळ्यात आवडणाऱ्या जागी असतं. चांगल्या उबेत पुष्कळ जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. एका जंतूपासून सुरुवात केली तरी सहा तासांत अठरा वेळा दुप्पट होऊन आकडा २ लाख ६२ हजारांवर जातो. आमचा भात साडेसात तास टॉवेलात होता.

या वाढीच्या काळात बॅसिलस सेरियस भातात एक विष सोडतो आणि खरी अडचण तिथेच आहे. जंतू उष्णतेने मरतो, पण हे विष मरत नाही. कुकरच्या शिट्ट्यांनाही ते दाद देत नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी खमंग फोडणीत परतला, वरून वाफ आणली, तरी विष जसंच्या तसं राहतं. खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. आमच्याकडे तीन तास लागले होते.

फोडणीचा भात बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. मोहरी, हिंग, कढीपत्ता, भरपूर शेंगदाणे आणि वर लिंबू, हा पुणेरी रविवारचा नाश्ता मला स्वतःला फार प्रिय आहे. पण तो सकाळी ठरत नाही, आदल्या रात्री ठरतो. जेवणं झाली की उरलेला भात परातीत पसरा. पंख्याखाली अर्ध्या-पाऊण तासात तो निवतो. मग उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये. शिजल्यापासून फ्रीजपर्यंत दोन तासांच्या आत. एप्रिल-मेमध्ये, पारा ३८-४० वर असतो तेव्हा, हेच एका तासात. दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफा येईपर्यंत परतायचा आणि उरवायचा नाही.

परातीचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण सगळी मेख तिथे आहे. मोठं पातेलं बाहेरून गार लागतं तेव्हा आत गार झालेलं नसतं. एकदा मी रात्री नऊला भरलेला मोठा डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवला आणि साडेअकराला मध्यभागी चमचा खुपसून पाहिला. कडेचा भात थंडगार, मधला चक्क कोमट. भात किंवा घट्ट आमटी उष्णता सहज सोडत नाही. थराची जाडी निम्मी केली, तर मधला भाग गार व्हायला साधारण पाव वेळ पुरतो. म्हणून एक खोल डबा भरण्यापेक्षा तीन उथळ डबे चांगले.

'गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवू नये' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कढत पातेलं आत ढकललं तर शेजारचं दूध तापतं, इतपत ते खरं आहे. पण त्यापायी 'पूर्ण गार होऊ दे, मग ठेवू' म्हणून पातेलं रात्री अकरापर्यंत ओट्यावर राहतं आणि मग विसरतंच. वाफ गेली, हाताला सोसेल एवढं झालं, की आत ठेवा.

रश्श्याचं जरा वेगळं आहे. मटणाचा रस्सा किंवा छोल्यांसारखी घट्ट, मोठ्या प्रमाणात केलेली वस्तू हळूहळू निवत असते, तेव्हा तळाशी हवा पोचत नाही. तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जंतू वाढतो. याला हवा नको असते. ४५ अंशांच्या आसपास तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या वऱ्हाडाच्या पोटात कळा येऊन जुलाब होतात, त्यात पुष्कळदा याचा हात असतो. सुदैवाने इथे त्रास देणारे जिवंत जंतू असतात, त्यामुळे रस्सा दुसऱ्या दिवशी खदखदून उकळला तर ते मरतात. कडेला बुडबुडे दिसले म्हणून गॅस बंद करू नका. तळापासून डाव फिरवत सगळा रस्सा उकळू द्या. निववताना पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळलं की काम लवकर होतं. मायक्रोवेव्हमध्ये तापवताना मध्येच काढून ढवळायचं, कारण तो सगळीकडे सारखं तापवत नाही.

काय बाधलं?

आपल्याकडे पोट बिघडलं की पहिला प्रश्न 'काय बाधलं?' आणि उत्तर बहुधा शेवटच्या जेवणावर ढकललं जातं. काल संध्याकाळी सारसबागेपाशी भेळ खाल्ली, म्हणजे भेळच. पण दर जंतूचं वेळापत्रक वेगळं असतं. विष आधीच तयार झालेलं असेल तर अर्ध्या तासापासून सहा-आठ तासांत उलट्या होतात. साल्मोनेला कच्च्या अंड्यातून किंवा कोंबडीतून पोटात गेला तर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही ताप आणि जुलाब सुरू होऊ शकतात. कोंबडीतलाच कॅम्पिलोबॅक्टर दोन ते पाच दिवस घेतो. दूषित पाण्यातून होणारी 'ए' आणि 'ई' प्रकारची कावीळ तर काही आठवड्यांनी दिसते. तोवर कुठे काय प्यायलो होतो हे कुणाच्याही लक्षात राहत नाही. म्हणून घरातलं जेवण निर्दोष आणि बाहेरचं दोषी हा निकाल इतक्या लवकर देऊ नये.

कॅम्पिलोबॅक्टर हे नाव पुणेकरांनी जानेवारी २०२५ मध्ये पहिल्यांदा ऐकलं असेल. सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि एकूण आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हा जंतू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. जीबीएसमध्ये होतं असं: पोटातल्या जंतूशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात, कारण जंतूच्या पृष्ठभागाचा काही भाग मज्जातंतूंच्या पृष्ठभागासारखा असतो. आधी पायांना मुंग्या येतात, मग कमजोरी वर चढत जाते. कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झालेल्यांत हजारात एखाद्यालाच हे होतं, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण 'दोन दिवस पोट बिघडतं आणि बरं होतं' एवढ्यावर गोष्ट नेहमीच संपत नाही, हे त्या महिन्यात शहराला कळलं.

हा जंतू कोंबडीत सर्रास असतो, म्हणून चिकनबद्दल थोडं सविस्तर. चिकन धडधडत्या नळाखाली धरलं की बारीक तुषार सिंकच्या बाहेर, ओट्यावर, शेजारी निथळत ठेवलेल्या ताटल्यांवर उडतात. जंतू शिजवण्याने मरणारच असतात, धुण्याने ते फक्त घरभर पसरतात. चिकन न धुणंच उत्तम. पण दुकानातून आणलेल्या तुकड्यांना पिसं आणि रक्त लागलेलं असतं आणि न धुता शिजवायला आपलं मन घेत नाही, हे मी जाणते. मग पातेल्यात पाणी घेऊन त्यात तुकडे हळूच बुडवून धुवा, पाणी अलगद ओता, नंतर सिंक आणि हात साबणाने घासा. कच्चं चिकन फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवायचं, म्हणजे त्याचं पाणी कोथिंबिरीवर ठिबकत नाही. आणि चिकन कापलेल्या बोर्डवर, त्याच सुरीने, नुसतं पाणी मारून कोशिंबिरीची काकडी चिरू नका. चिकन शिजतं, काकडी शिजत नाही, त्यामुळे घरात खरा आजार काकडीतून येतो. हाडाजवळचं मांस गुलाबी राहता कामा नये. जागतिक आरोग्य संघटना आतपर्यंत ७० अंश तापमान गाठायला सांगते.

ओट्याचं फडकंही इथेच सांगून टाकते. मी विद्यार्थ्यांना घरातली फडकी आणायला सांगून त्यांचा ठसा जंतू वाढवण्याच्या ताटलीवर उमटवायला लावत असे. दुसऱ्या दिवशी ताटलीवर जंतूंचं दाट पीक आलेलं असायचं आणि ते बघून मुलं गप्प व्हायची. त्याच फडक्याने चिकनचं पाणी, मग ओटा, मग ताट पुसलं जातं. तीन-चार फडकी ठेवा, रोज धुवा, उन्हात कडकडीत वाळवा. ओलं, चुरगळलेलं फडकं सिंकच्या कोपऱ्यात पडू देऊ नका.

गुरुवार आणि शुक्रवार

पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद राहायचं म्हणजे बहुधा गुरुवारी आणि 'शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल' हे वाक्य पुणेकरांना पाठ आहे. त्या वाक्यामागे आरोग्याचा एक धडा आहे. नळात पाणी दाबाने वाहत असतं तेव्हा जोडावर बारीक चीर असली तर पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं, दाब गेला, की त्याच चिरेतून आजूबाजूचं पाणी आत ओढलं जाऊ शकतं, आणि शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर ते पाणी कसलं असेल ते सांगायला नको. म्हणून शुक्रवारचं पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नका. नंतर भरलेलंही त्या दिवशी उकळून घ्या. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे आपलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, पण तेवढं भरपूर झालं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. साधा कँडलचा फिल्टर विषाणूंना अडवत नाही आणि अतिनील किरणांचं यंत्र गढूळ पाण्यात नीट काम करत नाही. उकळणं दोन्ही ठिकाणी उपयोगी पडतं. सोसायटीची खालची आणि वरची टाकी शेवटची कधी धुतली हे बैठकीत विचारायला संकोच करू नका.

गुरुवारी वीजही जाते. फ्रीजचं दार बंद ठेवलं तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. सारखं उघडून बघितलं तर तो त्याआधीच जातो. चार तासांच्या वर गेलं, तर शिजवलेले पदार्थ, दूध, मांस-मासे यांचा मोह सोडायचा. लोणी, लोणचं, जॅम, चिंच यांना काही होत नाही. फ्रीजच्या बटणावरचे आकडे अंश नसतात, बहुतेक फ्रीजमध्ये आकडा मोठा म्हणजे गारवा जास्त. आत खरंच पाच अंशांच्या खाली आहे का हे बघायचं असेल तर पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून सकाळी वाचा. तापाचा नव्हे, फ्रीजसाठी मिळतो तो. आणि गणपतीत आपण फ्रीज इतका ठासून भरतो की आत हवा फिरायला जागाच उरत नाही. तेव्हा मागची भाजी गोठते आणि दारातली बासुंदी नुसतीच थंडसर राहते.

कोरडं, गोड, आंबट

फ्रीज नव्हता तेव्हाही आपल्या आज्या-पणज्या अन्न टिकवत होत्या. त्यांची युक्ती तापमानाची नव्हती, पाण्याची होती. जंतूला वाढायला मोकळं पाणी लागतं. वाळवलं, तळलं किंवा मीठ-साखरेने बांधून टाकलं, की पाणी असूनही त्याला मिळत नाही. गुळपोळी प्रवासात आठ दिवस राहते, लिंबाचं लोणचं वर्षं काढतं आणि बाकरवडी परदेशात जाते, ती याच कारणाने. याच कसोटीवर देवघरासमोरचं ताट तपासून बघा. खोबरं-साखरेची खिरापत कोरडी, म्हणून निर्धास्त. पेढा आणि बर्फी ओलसर, दुधाची आणि हाताने वळलेली. आपल्या नाकात आणि कातडीवर स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू असतो, बोटाला चिरलेलं किंवा पिकलेलं असेल तर फारच. तो खव्यात वाढला तर त्याचं विषही पुन्हा तापवून जात नाही. बोट कापलं असेल तर त्या दिवशी मोदक वळणं दुसऱ्या कुणाकडे द्या. सकाळच्या पूजेचं पंचामृत संध्याकाळच्या आरतीला तीर्थ म्हणून देऊ नका, लागेल तेवढं ताजं करा. कोजागरीचं दूध चंद्र दिसेपर्यंत गच्चीवर तासन् तास कोमट ठेवण्यापेक्षा, कढत आणा, चंद्र दाखवा आणि प्या.

आणि कळकळीने एक सांगते: वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, अगदी बोटाला लावूनही. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजू शकतात, आणि मग बाळ लुळं पडतं, दूध ओढत नाही. आजीला वाईट वाटेल, पण तिला कारण समजावून सांगा. आज्या समजून घेतात.

उपासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येत राहतात. भगर दमट जागी राहिली की तिच्यावर बुरशी धरते, आणि पीठ करून ठेवलं की आणखी लवकर. सुटं पीठ आणू नका. भगर आणा, निवडा, धुवा, लागेल तेवढीच दळा. शेंगदाण्यांचं तसंच. काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा दाणा निवडून टाका, कारण बुरशीचं अफ्लाटॉक्सिन भाजूनही जात नाही आणि कुटात एकदा मिसळलं की दिसतही नाही.

मटकीला मोड आणायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही लागते. मिसळीत ती चांगली शिजते म्हणून प्रश्न नाही. कच्ची मोडाची मटकी मात्र गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना देऊ नये. बांगड्यासारखा मासा बर्फाबाहेर राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते तळूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते आणि लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात. पुण्याला समुद्र नाही, मासा लांबून येतो. बर्फात पुरलेलाच घ्या आणि येताना बाकीची कामं नंतर करा.

झालंच तर

उलट्या-जुलाबांत माणूस खचतो तो मुख्यतः पाणी आणि क्षार गेल्यामुळे. म्हणून पहिलं औषध ओआरएस. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगाव इथल्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. तेच हे. औषधाच्या दुकानातून पुडी घ्या, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. पुडी मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मोजून घाला, अंदाजाने नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग एकेक चमचा द्या. पेजेचं पाणी, ताक, वरणाचं पाणी चालतं. गोड सरबतं आणि कोल्ड्रिंकं देऊ नका, साखर जास्त झाली की जुलाब वाढतात. मुलाला जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने देऊ नका, आणि गेल्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक तर कुणालाच नाही.

शौचात रक्त, जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी नाही, घोटभर पाणीही पोटात टिकत नाही, ग्लानी, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे. तान्हं मूल, गरोदर बाई, सत्तरीपुढचं माणूस, मधुमेही यांच्या बाबतीत एवढीही वाट बघू नका. पोट बरं झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी पायांना मुंग्या आल्या, जिना चढताना पाय उचलेनासे झाले, तर थेट हॉस्पिटल गाठा आणि आधी पोट बिघडलं होतं हे आवर्जून सांगा.

निघण्यापूर्वी एका कागदावर गेल्या तीन दिवसांत काय खाल्लं ते लिहा, आणि प्रत्येकापुढे ते किती वाजता शिजलं आणि किती वाजता खाल्लं तेही. आमच्या मंगळागौरीच्या रात्री डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं होतं. तेव्हा सासूबाई क्षणभर थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भात दोनचा होता हो."